रीत नावाचा रकाना

मेसेज आला तेव्हा गाडी रबाळे सोडून घणसोलीकडे निघाली होती. सकाळची ठाणे-वाशी लोकल, बायकांचा डबा, हात वर करायलाही जागा नाही. पर्स पोटाशी धरून उभी होते, तिच्यात मोबाईल थरथरला. कसाबसा काढून पाहिला. खात्यात १२,००० रुपये जमा. पगाराची तारीख नव्हती, कुणाकडून काही येणं नव्हतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कळलं की हे भाताचे पैसे. दिवाळीच्या सुमारास मुरबाडला जाऊन सरकारी धान खरेदी केंद्रावर आमच्या साठ गुंठ्यांची नोंदणी केली होती, त्याचे. धान पिकवणाऱ्यांना हेक्टरी २०,००० रुपये, २ हेक्टरच्या मर्यादेत, असा त्या हंगामासाठी सरकारचा निर्णय होता. साठ गुंठे म्हणजे ० हेक्टर ६० आर. हिशेब चोख होता. घणसोली गेलं, कोपरखैरणे आलं. तोवर माझ्या मनात त्या पैशांतून स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी बसली होती, आईचा नवा चष्मा झाला होता आणि वर हजार-दीड हजार उरलेही होते. कोपरखैरण्याला चौथी सीट मिळाली. टेकले, घाम पुसला, आणि तेव्हा आमचं शेत कसणारा दादा आठवला.

दोन स्टेशनं. तेवढा वेळ ते पैसे सगळेच्या सगळे माझे होते.

संध्याकाळी दादाचाच फोन आला. मी तुर्भ्याच्या फलाटावर उभी होते. "ताय, पेंढा ठेवू का इकू? गिऱ्हाईक आलाय." मी म्हटलं, तुला काय वाटतं ते कर. मग आईच्या गुडघ्यांची चौकशी झाली. त्यांच्याकडे ऊन किती तापलंय ते सांगून झालं. म्हशीला रेडकू झाल्याचं सांगितलं. मग दोघंही थोडं थांबलो. त्याच्या स्वतःच्या नावावर आठ गुंठे आहेत, त्याचीही नोंदणी त्याच दिवशी झाली होती. म्हणजे त्यालाही त्याच सुमारास १,६०० रुपये आले असणार. मला किती आले असतील हे काढायला त्याला कागद लागत नाही. त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. "बरं, ठेवतो गो," म्हणाला. गाडी आली.

तो थांबलेला क्षण मला त्यानंतर किती दिवस टोचत राहिला.

आमचं शेत मुरबाडच्या पुढे, काळू नदीच्या अंगाला. चार खाचरं, एकाखाली एक उतरत गेलेली, वरच्याला पाणी कमी आणि खालच्याला नको इतकं. वडील ठाण्यात नोकरीला आले, तरी जूनमध्ये रजा काढून आवणीला जायचे. मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलेय. डोक्यावर इरलं, पोटऱ्यांपर्यंत गार चिखल, आणि हातात रोपांची मूठ. त्या मुठीला एक हिरवा, किंचित गोडसर वास असतो, तो ठाण्यात कधी कुठे येत नाही. वडील गेले, भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, मी इथे. गेली अकरा वर्षं शेत दादा करतो. नात्यातला म्हणावा तर दूरचा, गावकीतला. अर्धेलीनं करतो. म्हणजे राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं काम त्याचं, बियाण्याचे आणि खताचे पैसे निम्मे आमचे, आणि खळ्यावर पिकाचे दोन भाग. बरं वर्ष असलं तर वीस-बावीस क्विंटल भात येतं. आमच्या वाट्यातलं वर्षाला लागेल तेवढं भरडून ठाण्याला येतं, बाकीचं तो विकून पैसे देतो. अकरा वर्षांत त्यानं कधी एका पायलीचाही घोळ केलेला नाही. आमच्यात कुठलाही कागद नाही.

नोंदणीला जायला मला त्यानंच लावलं. "नोंदनी कर ताय, नायतर तुमच्या शेताचं फुकट जाईल." सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं सामाईक आहेत. आईला प्रवास झेपत नाही, भाऊ लांब, म्हणून दोघांची संमतीपत्रं घेऊन मी एक दिवस सुट्टी काढली. कल्याणहून एसटीनं मुरबाडला उतरले तर तो मोटारसायकल घेऊन स्टँडवर उभाच होता. केंद्रावर रांग होती. आधार कार्ड, पासबुकाची झेरॉक्स, सातबारा, आठ-अ. रांगेतल्या बहुतेकांच्या टाचांना भेगा होत्या आणि नखांत माती. मी तिथे ऑफिसच्या चपला घालून उभी. नोंदणीला फोटो काढतात, खातेदार समोर हवा. माझा फोटो काढला. दादा दाराशी उभा राहून माझी पिशवी सांभाळत होता. काम झाल्यावर त्यानं मला वडापाव खायला घातला, पैसे देऊ दिले नाहीत, आणि पुन्हा स्टँडवर आणून सोडलं. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडली होती, हे मला एसटीत बसल्यावर सुचलं.

पिकाची नोंद तर त्याहून आधीच झालेली. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्यानं पीक लिहायचं त्याऐवजी शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची. आमची नोंद दरवर्षी दादा त्याच्या मोबाईलवरून करतो. आमच्या खात्याचा चार आकडी संकेतांक मला आठवत नाही, त्याला पाठ आहे. भर पावसात बांधावर चढून, रेंज मिळेपर्यंत हात वर करून तो फोटो काढतो आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्या वर्षीच्या फोटोत पोटरीत आलेलं भात होतं, आणि पाठीमागून ऊन असल्यामुळे भातावर त्याची लांब सावली पडली होती. डोक्यावरच्या टॉवेलाच्या गाठीसकट. हंगाम, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख, पाणी कशाचं, हे सगळं त्यानं भरलं. कसणाऱ्याचं नाव लिहायला त्या पानांवर ओळ नव्हती.

पूर्वी होती. हातानं लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर, खालच्या बाराच्या नमुन्यात, 'जमीन करणाऱ्याचे नाव' असा एक रकाना असायचा आणि त्याच्या शेजारी 'रीत' नावाचा एक चिंचोळा रकाना. जमीन कोणत्या रीतीनं केली, मालकानं स्वतः की दुसऱ्यानं, ते तिथे एका आकड्यात लिहायचे. लहानपणी वडिलांच्या कागदांत तो शब्द वाचून मला वाटायचं, रीत म्हणजे वागण्याची रीत. शेताशी कसं वागलात ते सरकार लिहून घेतं, असं काहीतरी. त्या मेसेजनंतर एका रविवारी मी आईच्या पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढून काढली. वाळवी लागू नये म्हणून घातलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास, पिवळे पडलेले फेरफार, साऱ्याच्या पावत्या, आणि सर्वांत खाली, कापडात गुंडाळलेला, आजोबांचा दाखला. कूळकायद्याच्या कलम ३२ म चा, जमीन विकत घेतल्याचा.

आजोबा कूळ होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही, घरात हजारदा ऐकलेलं. पण ऐकलेलं आणि हातात धरलेलं यांत फरक पडतो. शेत कल्याणच्या एका सावकाराचं, आणि आजोबा ते अर्ध्या वाट्यानं करायचे. खळ्यावर सावकाराचा माणूस माप घेऊन बसायचा, आधी त्याचा वाटा निघायचा, मग आजोबांचा. आजी सांगायची की मापाला बोट लावायची हिंमत नव्हती, माप तो भरेल तसं. मग कूळकायदा आला. कायदा १९४८ चा, पण खरी उलथापालथ १ एप्रिल १९५७ ला झाली, कृषक दिनाला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्यानं तिचा खरेदीदार मानला गेला. शेतजमीन न्यायाधिकरणानं किंमत ठरवायची, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, वीस ते दोनशे पट यांच्या मध्ये, आणि कुळानं ती हप्त्यांनी फेडायची. आजोबांनी फेडली. भात विकून, एका वर्षी आजीच्या कानातलं विकून. सगळे हप्ते फिटल्यावर हा दाखला मिळाला. खाली त्यांचा अंगठा. शाई थोडी पसरलेली, जणू त्यांनी गरजेपेक्षा जास्त जोर दिला असावा.

त्यांना जमीन कशामुळे मिळाली? कुणीतरी कागदावर विचारलं होतं, हे शेत करतो कोण?

त्याच साठ गुंठ्यांवर आता त्यांची नात ठाण्यात बसून अर्धा वाटा घेते. सावकारासारखं माप घेऊन माणूस पाठवत नाही, दिवाळीला दादाच्या मुलांना कपडे नेते, वहिनीच्या ऑपरेशनला पैसे दिले होते, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. खोटं नाही ते. पण ट्रंकेपाशी जमिनीवर बसून तो अंगठा बघताना मला ते पुरेना.

आणि कागद न करण्याचं कारणही तोच कायदा आहे, हे आणखी अवघड. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कुठल्याही गावात विचारा, जमीन दुसऱ्याला करायला देणारा मालक लिहून देणार नाही. "कूळ लागेल" हे पाच अक्षरांचं भय आमच्या अंगात खोल मुरलंय. आम्हीच त्या वाटेनं मालक झालो, म्हणून आम्हाला ती वाट नीट माहीत. त्यामुळे सगळं तोंडी. तोंडी असल्यामुळे कसणारा कुठल्याच यादीत नाही. पीक विमा घ्या. २०२३ च्या खरिपापासून दोन वर्षं एक रुपयात विमा मिळत होता, भाडेकरारानं शेती करणाऱ्यालाही घेता येत होता, पण करार नोंदणीकृत हवा. पीककर्ज सातबाऱ्यावर. अतिवृष्टीची भरपाई सातबाऱ्यावर. आता शेतकऱ्याला जो ओळख क्रमांक देतात तोही जमिनीच्या नोंदीला जोडलेला. आंध्र प्रदेशानं २०१९ साली एक कायदा केला, पीक घेणाऱ्याच्या हक्काचा. अकरा महिन्यांचा करार, मालकी हक्काला धक्का नाही, आणि त्या कार्डावर कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत. वाचून बरं वाटलं. पुढे वाचलं की त्यालाही मालकाची सही लागते, आणि मालक सही द्यायला कचरतात. तिथले मालकही माझ्यासारखेच असणार. कुणी मास्तर, कुणी बँकेत, कुणी हैदराबादला.

एका ऑक्टोबरात कापणी झाली आणि परतीचा पाऊस आला. कापलेलं भात खाचरात पसरलेलं, वाळायला. तीन दिवस कोसळला. चौथ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा पेंड्या पाण्यावर तरंगत होत्या, लोंब्यांना पांढरे मोड आलेले, आणि सगळीकडे आंबूस वास, आंबवून ठेवलेलं पीठ विसरून जावं तसा. दादा आणि वहिनी गुडघाभर पाण्यातून एकेक पेंडी उचलून बांधावर आणून टाकत होती. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, पुन्हा वाकली. मी साडी खोचून उतरले, तासाभरात कंबर धरली. पंचनामा झाला. भरपाई काही महिन्यांनी आली, आमच्या खात्यात. तेव्हा मी ती अर्धी दादाला दिली होती आणि मनातून मोठी झाले होते. त्याचं भात गेलं होतं आणि त्याची वर्षाची मेहनतही. माझं फक्त भात गेलं होतं. नुकसानीची भरपाई निम्मी-निम्मी करताना हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मी काम करते ते ऑफिस तुर्भ्याला, दाणाबंदरापासून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारापासून, चालत दहा मिनिटांवर. जुन्या लोकांच्या तोंडी अजून मसजिद बंदरचंच नाव आहे, बाजार इकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी. दुपारी कधी तिथून गेलं की ट्रकांतून पोती उतरत असतात, हमालांच्या पाठीवर गोणपाटाचे चौकोन, हवेत कोंड्याची धूळ, नाकात बसते. एका दुकानाच्या दाराशी उघड्या पोत्यांत कोलम, इंद्रायणी, आंबेमोहोर, सोना मसुरी, प्रत्येकात खोचलेली भावाची पाटी. मी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन वास घेते, सवयच आहे. तो कोणत्या जिल्ह्याचा ते व्यापारी सांगतो. कुणी पिकवला ते त्यालाही माहीत नसतं, आणि गिऱ्हाईक विचारत नाही. ऑफिसात एकदा डबा खाताना विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, "शेतकऱ्यांना हल्ली सगळं फुकट आहे. केंद्राचे सहा हजार, राज्याचे सहा हजार, वर बोनस." रागानं नाही, सहज. मी त्यांना सांगायला हवं होतं की पीएम किसानचे वर्षाला ६,००० तीन हप्त्यांत येतात, नमो शेतकरीचे तसेच आणखी ६,०००, आणि त्यासाठी दादानं आठ गुंठ्यांच्या जोरावर केवायसीकरता किती चकरा मारल्या. त्याला वर्षभरात सहा तुकड्यांत मिळून १२,००० मिळतात. मला तेवढेच एका मेसेजमध्ये आले, रबाळे ते घणसोलीच्या मध्ये. यातलं काहीच मी बोलले नाही. मला 'शेतकऱ्यांना' या शब्दात मी येते की नाही तेच कळेना. सरकारच्या कागदावर येते. पीएम किसानमध्ये नाही येत, आयकर भरणाऱ्याला ती योजना नाही, आणि ते योग्यच आहे. पण भाताच्या पैशांत येते.

आमच्या टेबलावर शेजारी बसणाऱ्या बाई घणसोली गावातल्या. त्या दिवशी त्याही गप्प होत्या. नंतर चहाला गेलो तेव्हा म्हणाल्या, आमची आई इथेच आवणीला जायची, आता स्टेशन आहे त्याच्या पलीकडे. खाचरं, मग खाडीकडे बांध, मग मिठागरं. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, पंच्याण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, पुढे जासई-उरण भागात १९८४ च्या जानेवारीत गोळीबार झाला, पाच माणसं गेली, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत द्यायचं आलं. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाईंनी सांगितलं ते वेगळं. त्यांच्या आईनं उभा जन्म दुसऱ्यांच्या खाचरांत रोपं लावली. ज्यांची शेतं गेली त्यांच्या नोटिशीवर नावं होती. आईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून ते पुढे भूखंडाच्या यादीतही नव्हतं. "तिचं काय गेलं ते कुणी मोजलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि कपातल्या चहावरची साय बोटानं बाजूला केली. ट्रेनमधून रोज मी त्याच जमिनीवरून जाते. काचेच्या इमारती, मॉल, मध्येच एखादा उरलेला पाणथळ तुकडा आणि त्यात बगळे. बगळ्यांना अजून तिथे खाचर असल्यासारखं वाटतं की काय, असं मला दर पावसाळ्यात वाटतं.

मे महिन्यात, भाऊ दोन दिवस ठाण्याला आला होता तेव्हा, मी एकटीच गावाला जाऊन आले. बँकेतून १२,००० काढून पाकिटात घातले होते. दुपारची वेळ, अंगणात मांडव, मांडवावर वाळलेला पेंढा, त्यातून गळणारं उन्हाचं चांदणं. राब भाजून झाला होता, पाण्याच्या वाटेवर काळ्या राखेचे पट्टे दिसत होते आणि धुराचा वास अजून हवेत होता. वहिनीनं गुळाचं पाणी दिलं. मी पाकीट दादाच्या हातात ठेवलं, म्हटलं, भाताचे आलेत, हे तुझे. त्यानं उघडलं, मोजले, आणि सहा हजार बाजूला काढून उरलेले परत माझ्यापुढे धरले. "भाताचं अर्धं तर ह्येचंबी अर्धं." मी म्हटलं, शेत तू केलंस, नोंद तू केलीस, मी काय केलं? तो म्हणाला, "जमीन तुजी हाय ना." इतकं सरळ म्हणाला की माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग थोड्या वेळानं, पेंढ्याची काडी दातांत धरून, म्हणाला, "औंदा भात केंद्रावर घालायचं का पन? हमीभाव बरा हाय."

हमीभाव बरा होता. २०२४-२५ ला साधारण धानाला क्विंटलला २,३०० रुपये, 'अ' दर्जाला २,३२०. खळ्यावर येणारा व्यापारी त्याहून कमी देतो. पण दादा त्याच्या वाट्याचं भात दरवर्षी व्यापाऱ्यालाच घालतो. मला ते कधी कळायचं नाही, वाटायचं की ओलाव्याची कटकट नको म्हणून. सतरा टक्क्यांच्या वर ओल असली की केंद्रावर घेत नाहीत, बारदान येईपर्यंत थांबावं लागतं, ट्रॉलीचं भाडं चढतं. ते कारण होतंच. पण त्या दिवशी बोलता बोलता खरं कारण आलं. केंद्रावर घातलं की आमच्या सातबाऱ्यावर घालावं लागतं, आणि पैसे माझ्या खात्यात येतात. "मंग मी तुला किती येळा फोन करू गो? बरं दिसतं का?" स्वतःच्या भाताचे पैसे मागायला त्याला संकोच वाटत होता. म्हणून तो दर क्विंटलमागे तोटा सोसत होता, अकरा वर्षं.

वहिनी इतका वेळ उंबऱ्यावर बसून तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं. "ताय, पैशाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एक चिठ्ठी लिवून देशील का? का ह्ये शेत आमी करतो म्हनून. वरसाची असली तरी चालंल. आमच्या पोराला मोठं झाल्यावर कोनी इचारलं बाप काय करतो, तर त्यो कागदावर काय दाखवल, आठ गुंठं?" दादा तिच्यावर करवादला, गप ग म्हणाला. ती गप्प झाली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, भावाला विचारते. आणि म्हणता म्हणता मला जाणवलं की बारा हजार द्यायला मी कुणालाच विचारलं नव्हतं.

भावाला विचारलं. तो वाईट माणूस नाही, दादाच्या पोराची फी एक वर्ष त्यानंच भरली. पण तो फोनवर एकदम उभा राहिल्यासारखा बोलला. "वेडी आहेस का? कूळ लागेल. आजोबांनी कसं मिळवलं ते विसरलीस?" मी म्हटलं, विसरले नाही, म्हणूनच विचारतेय. त्यानं एका वकिलाला विचारून सांगितलं की लिहायचंच तर 'मजूर' लिही, रोजावर काम करतो असं, म्हणजे धोका नाही. मी कागद घेऊन बसले. गट नंबर लिहिला, क्षेत्र लिहिलं, गाव, तालुका, जिल्हा लिहिला. 'सदर जमीन' इथपर्यंत आले आणि पुढचा शब्द येईना. मजूर म्हणजे खोटं. वाटेकरी खरा शब्द, पण भाऊ त्यावर सही करणार नाही. कूळ लिहिलं तर आई रात्रभर झोपणार नाही. आईला हळूच विचारलं, तर ती बराच वेळ पदराचं टोक चुरगाळत राहिली. मग म्हणाली, "तुझे आजोबा खळ्यावरून आले की भिंतीकडे तोंड करून निजायचे." एवढंच. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

तो कागद अजून तसाच ट्रंकेत आहे, दाखल्याच्या वर. भावाशी दोनदा वाद झालाय, तिसऱ्यांदाही होईल. मला भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. जमीन जाईल या विचारानं पोटात खड्डा पडतो, मी ती कधी कसणार नाही हे माहीत असूनही. ती चार खाचरं म्हणजे वडिलांचे ओले पाय, इरल्यावर पडणारा पाऊस. तो भाग मला कुणाला द्यायचा नाही. पण तो भाग सातबाऱ्यावर कुठे लिहिलेला असतो?

परवा रोहिणी लागल्या. दादाचा फोन आला, बियाणं कोणतं आणू, कर्जत-७ की गेल्या वर्षीचंच. धूळवाफ करायची म्हणत होता, आभाळ भरून यायला लागलंय. मी म्हटलं, तुला ठीक वाटेल ते. मग म्हटलं, दादा, थांब जरा, पेन घेते. तुझं पूर्ण नाव सांग. तो हसला. म्हणाला, "आता काय झालं? म्हाईत नाय का तुला?" खरंच माहीत नव्हतं. अकरा वर्षं मोबाईलमध्ये तो 'दादा शेत' म्हणून आहे. त्यानं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आडनाव सांगितलं. मी एकेक अक्षर लिहून घेतलं. मागून वहिनीचा आवाज आला, चुलीपाशी असावी, भांडं आपटल्यासारखं ऐकू आलं.

"वेलांटी नीट घाल म्हनाव. आधारवर चुकल्याली हाय, तसं नको."